तपकिरी चपलेचं माप

अनंतराव पाळंद्यांना आपल्या बायकोबद्दल फार थोडं माहीत होतं. एकेचाळीस वर्षं एका घरात काढली, पण तिच्या पावलाचं माप त्यांना कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आणि खरोखरच एकाने विचारलं, तेव्हा त्यांनी चुकीचं सांगितलं. बाकीचं बरंच काही त्या एका उत्तरामुळे घडलं, असं त्यांना वाटतं. नातेवाईक म्हणतात, असं काही नसतं हो. पण नातेवाईकांना सगळं ठाऊक नाही.

श्यामलाबाई मूळच्या वाईच्या. घर नदीपासून दोन मिनिटांवर. लहानपणी त्या नदीत पोहायच्या का, हे अनंतरावांनी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी आपण होऊन सांगितलं नाही. लग्न होऊन त्या नारायण पेठेत आल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पोस्टात काउंटरवर छत्तीस वर्षं नोकरी केली. येरवड्याच्या सरकारी छापखान्यात अनंतराव मुद्रितं तपासायचे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचे, आणि घरी आल्यावरही ते काम चालूच राही. श्यामलाबाईंचा स्वभाव वेगळा. एकदा एका गृहस्थांनी काउंटरवर आवाज चढवला होता, "आमच्या वडिलांच्या काळात पत्र दोन दिवसांत पोचायचं!" बाईंनी पाकीट उलटं करून दाखवलं आणि म्हणाल्या, "त्या काळात लोक पत्ता लिहायचे." एवढंच. पुढचं गिऱ्हाईक. पण घरात मात्र त्या असं कोणाला तोडून बोलल्याचं अनंतरावांना आठवत नाही.

निवृत्त झाल्यावर श्यामलाबाईंचे गुडघे धरायला लागले. डॉक्टर म्हणाले, पोहा. नदीपलीकडच्या टँकवर बायकांची सकाळची बॅच होती, तिथे त्यांनी नाव घातलं. अनंतरावांनी मनात आठ दिवसांची मुदत दिली. दोन वर्षं झाली तरी बाई रोज सहा वाजता पिशवी उचलून निघतच होत्या. अनंतराव तेव्हा गॅलरीत वर्तमानपत्र वाचत असायचे. टँक चालत वीस मिनिटांवर, पण ते तिथे एकदाही गेले नाहीत. बायकांच्या बॅचला आपण कशाला, असं म्हणायचे.

मग एका डिसेंबरात चहा घेताना बाई म्हणाल्या, "अहो, आमच्या टँकवर रविवारी समुद्रात बुडी मारायला शिकवतात. पाठीवर हवेची टाकी बांधून."

"बरं मग?"

"मी नाव घातलंय."

अनंतरावांनी पेपर खाली न घेताच विचारलं, "विम्याचा हप्ता गेलाय ना या वर्षीचा?"

"गेलाय. वारस तुम्हीच आहात, काळजी करू नका."

नेहमीसारखं बोलणं झालं आणि विषय संपला असता. पण कपबश्या उचलता उचलता बाई थांबल्या. म्हणाल्या, "एकदा खाली जाऊन बघायचंय मला."

"काय बघायचंय?"

"काय असतं ते."

एवढंच त्यांना हवं होतं. पुण्यात टँकमध्ये शिकायचं आणि मग फेब्रुवारीत मालवणला बॅचबरोबर जाऊन समुद्राच्या तळाशी उतरायचं. एकदा. डॉक्टरांनी हृदय, रक्तदाब, सगळं तपासून कागदावर सही केली. मुलगा आमोद बंगळूरहून फोनवर म्हणाला, "आई, यू आर टू मच!" अनंतरावांना मात्र विम्याचं ते आपलं बोलणं खुपत राहिलं. त्यांना सॉरी वगैरे म्हणता येत नाही. कधी म्हटलं नाही.

जानेवारीत बाईंचा वाढदिवस. दर वर्षी ते पाकीट हातात द्यायचे आणि "तुला हवं ते घे" म्हणायचे. त्या वर्षी त्यांनी बाईंना फोनवर कोणाशी तरी बोलताना ऐकलं, की टँकवरचे फिन्स सगळे पुरुषांच्या मापाचे आहेत, स्वतःचे घ्यायला हवेत. फिन्स म्हणजे पायात घालायचे ते लांब पंखे, बदकाच्या पायांसारखे. अनंतरावांनी ठरवलं, आपण आणायचे. न सांगता.

त्यांना दुकानाचा पत्ता शोधायलाच चार दिवस लागले. दुकान हडपसरच्या रस्त्यावर होतं. निघताना माप हवं हे त्यांच्या लक्षात आलं. बाई भाजीला गेल्या होत्या. दारामागच्या रॅकच्या खालच्या खणात तपकिरी चपलांचा एक जोड दिसला, बायकी. त्यातली एक त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन बस पकडली.

दुकानाचे मालक जब्बारभाई. पंचावन्नच्या आसपासचे. त्यांच्या घराण्याचं आधी कॅम्पात बुटांचं दुकान होतं. मुलगी शबनम समुद्रात बुडी मारायचं शिकून आली, तिनेच वडिलांना या धंद्यात ओढलं. रविवारी टँकवर शिकवायची ती हीच शबनम, पण हे अनंतरावांना तेव्हा माहीत नव्हतं.

"कोणासाठी पाहिजेत, साहेब?"

"मिसेससाठी."

"मग त्यांनाच घेऊन या ना. पाच मिनिटांचं काम आहे. पाऊल ओलं करायचं, घालून बघायचं. बोटं दाबली नाहीत, टाच हलली नाही, की झालं."

"वाढदिवस आहे. त्यांना सांगायचं नाहीये."

जब्बारभाई हसले. "साहेब, साडी अशी घेता येते. हे नाही घेता येत. बरं, पाऊल कसं आहे त्यांचं? रुंद, का निमुळतं?"

अनंतराव विचारात पडले. पाऊल पावलासारखं होतं.

"पोटऱ्यांत गोळे येतात का?"

"नाही. म्हणजे, नसावेत."

"गुडघे?"

"दुखायचे. आता बरे असावेत."

"पाण्यात पाय कसे मारतात? कमरेतून, का सायकल चालवल्यासारखे?"

या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही नवऱ्याला देता आली असती, असं अनंतरावांना वाटायला लागलं. त्यांनी घाईघाईने पिशवीतून चप्पल काढून काउंटरवर ठेवली. "हे घ्या. माप आणलंय मी."

जब्बारभाईंनी चप्पल हातात घेतली आणि ते एकदम जुन्या दुकानातले झाले. तळ बघितला, अंगठ्याच्या जागी पडलेला खड्डा बोटाने चाचपला, टाचेची झीज उजेडात धरली. "सात नंबर. पाऊल चांगलं रुंद आहे. मिसेस तुमच्या खूप चालतात. दिवसभर उभ्या असतात. ओझंही उचलत असतील. हे बघा, कसा भार पडलाय. पाय एकदम मजबूत."

"हो, छत्तीस वर्षं नोकरी केली आहे," अनंतराव म्हणाले. काउंटरवरची नोकरी बसून असते, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

"मग मऊ, आखूड पात्याचे देत नाही. ते नाजूक पायाला. या पायाला कडक आणि लांब पातं पेलेल. एका लाथेत पुढे जातील." जब्बारभाईंनी दोन प्रकार समोर मांडले. एक बुटासारखे, अनवाणी पाय सरळ आत. दुसऱ्यांना मागून पट्टा, आत आधी रबरी बूट घालायचा. "माप नक्की नसेल तर पट्ट्याचे घ्या. सैल-घट्ट करता येतात."

"माप नक्की आहे," अनंतराव म्हणाले.

जब्बारभाईंनी बुटासारखे, कडक, लांब पात्याचे, निळे फिन्स बांधून दिले. "घालून बघायला सांगा हां. पाण्यात न्यायच्या आधी कधीही बदलून देईन."

वाढदिवसाच्या सकाळी त्यांनी ते खोकं टेबलावर ठेवलं. बाईंनी ते उघडलं. मग पलंगाच्या कडेला बसून एक पाय आत घातला.

"माप कसं घेतलंत हो?"

"तुझी चप्पल नेली होती. तपकिरी, खालच्या खणातली. तुला पत्ताही लागला नाही!"

बाईंनी रॅककडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. "शहाणे आहात," त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर बसतात."

त्या दिवशी त्यांनी शिरा केला होता. तो दोनदा मागून खाल्ल्याचं अनंतरावांना आठवतं.

पुढे काय झालं, त्यातलं अनंतरावांना घरात बसून जेवढं दिसलं तेवढं असं. बाई रविवारी टँकवरून येऊन पोटऱ्यांना तेल चोळायच्या. टाचांना पट्ट्या लावलेल्या असायच्या. विचारलं तर "नवीन आहेत ना, सवय होतेय" म्हणायच्या. अनंतरावांच्या जाड लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड सापडेनासे झाले.

फेब्रुवारीत बाई चार दिवस मालवणला गेल्या. अनंतरावांना समुद्राची दमट हवा सोसत नाही, म्हणून ते गेले नाहीत. परत आल्या तेव्हा चेहरा उन्हाने काळवंडलेला. "काय, दिसले का मासे?"

"पाणी गढूळ होतं यंदा. खाली जाता आलं नाही. पुढच्या खेपेला जाईन."

"तरी मी म्हणत होतो," अनंतराव म्हणाले. आणि पुढचे पंधरा दिवस, कोणी भेटलं की एक वाक्य त्यांच्या तोंडात तयार असायचं, "आमची ही मालवणला जाऊन मासे ताटातच बघून आली." लोक हसायचे. बाई समोर असल्या तर त्याही हसायच्या. हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं, ते मोजायचा अनंतराव आता कधी कधी प्रयत्न करतात. डॉक्टरांकडे एकदा, सोसायटीच्या सभेत एकदा, आमोदच्या सासऱ्यांना फोनवर.

पावसाळ्यात समुद्र बंद. ऑक्टोबरात रविवारचं शिकणं पुन्हा सुरू झालं. डिसेंबरात मालवण ठरलं. आणि नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, टँकमधून बाहेर येऊन कपडे बदलून, फाटकाजवळच्या बाकावर चहा पिता पिता श्यामलाबाई एका बाजूला कलंडल्या. मेंदूतली नस फुटली होती. डॉक्टर म्हणाले, पोहण्याशी याचा काही संबंध नाही, घरी खुर्चीत बसल्या असत्या तरी हेच झालं असतं. अनंतराव दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. बाईंचे केस अजून ओले होते.

तेरा दिवस झाले. आमोद परत गेला. एका दुपारी दारावरची बेल वाजली. बाहेर तिशीची एक मुलगी मोठी पिशवी घेऊन उभी होती.

"नमस्कार काका. मी शबनम. काकूंना टँकवर शिकवायचे. त्यांचं सामान लॉकरमध्ये होतं."

पिशवीत ते निळे फिन्स होते. त्यांच्या आत कोंबलेले, टँकच्या पाण्याने कडक झालेले, अनंतरावांच्या लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड.

अनंतराव मोज्यांकडे बघत राहिले. शबनमला वाटलं त्यांना ठाऊक असेल. ती बोलत गेली. "एकावर एक घालायच्या काका, तरी पाय आत फिरायचा. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, काकू, हे तुमचे नाहीतच. तुमचा पाय पाच नंबरचा, निमुळता. आणि एवढं कडक पातं! दोन लॅप झाले की क्रॅम्प. अब्बूंना सांगते, बदलून देतील, म्हटलं. ऐकायलाच तयार नाहीत. 'ह्यांनी आणलेत' एवढंच म्हणायच्या."

"आणि मालवणला?"

"मालवणला बोटीतून उतरल्या आणि एक फिन तिथेच पायातून निसटला, तो मी पकडला. दुसऱ्या पायात गोळा. मी वर आणलं त्यांना. नंतर तीन दिवस बोटीत बसून होत्या. बाकीचे खाली जाऊन यायचे, त्यांना विचारायच्या, काय काय दिसलं."

"पाणी गढूळ होतं म्हणाली."

"नाही काका," शबनम हळूच म्हणाली. "यंदा पाणी फार छान होतं."

अनंतरावांचा आवाज चढला. तो का चढला ते त्यांनाच कळलं नाही. "पण मी माप नेलं होतं! तुमच्या वडिलांना विचारा! तिची चप्पल नेली होती मी, ही इथली, तपकिरी!"

इंदुबाई आतल्या खोलीत फरशी पुसत होत्या. सोळा वर्षं त्या या घरात कामाला येतात. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, हातात ओलं फडकं. "साहेब, ती चप्पल माझी व्हती."

इंदुबाईंनी रॅककडे बोट दाखवलं.

"एका पायाचा अंगठा तुटला व्हता, शिवायला न्यायची म्हनून ठिवली व्हती खालच्या खणात. तुम्ही दिलं त्या दिशी बाईंनी मला ते बदकाचे पाय घालून बघायला लावले. मला गच्च बसले. मग आमी दोघी लई हसलो. हसून हसून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं." इंदुबाईंनी पदराने नाक पुसलं. "मी म्हनलं, सांगा की साहेबांना. तर म्हनल्या, इंदुबाई, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यासाठी एकटे बाजारात गेलेत. आता त्यांना चुकलं म्हणून कुठे सांगू?"

शबनम पाण्याचा पेला हातात धरून बसली होती. अनंतरावांनी विचारलं, "त्या दिवशी... शेवटच्या... हेच घातले होते?"

"नाही. त्या रविवारी मी भांडलेच त्यांच्याशी. माझे जुने फिन्स आणले होते, मऊ, आखूड, पाच नंबरचे. म्हटलं, आज हे घातले नाहीत तर डिसेंबरचं नाव काढून टाकीन. तेव्हा कुठे घातले. आठ लॅप केले काका, न थांबता. मी काठावरून बघत होते. मासोळीसारख्या जात होत्या. बाहेर आल्या, पायांकडे बघितलं, म्हणाल्या, शबनम, जमेल गं मला आता. मग म्हणाल्या, घरी नेत नाही हे, इथेच लॉकरमध्ये ठेव. आणि निळेसुद्धा इथेच ठेवते. डिसेंबरात निळे घरी नेईन, ह्यांच्या समोर तेच घेऊन मालवणला निघेन, घालताना हे घालीन. त्यांना काय कळणार आहे?"

बाईंची म्हणायची ढब शबनमने इतकी तंतोतंत उचलली होती, की इंदुबाई तोंडाला पदर लावून आत निघून गेल्या.

शबनम गेल्यावर अनंतराव उठले. त्यांनी रॅकमधल्या सगळ्या चपला बाहेर काढल्या आणि ओळीने मांडल्या. बाईंची कोणती, हे त्यांनी इंदुबाईंना विचारलं. इंदुबाईंनी दाखवली. काळी होती, लहान, पट्ट्यावर छोटी पितळी कडी. ती रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांसमोरून बाहेर जात होती.

त्या रविवारचं बोलणं त्यांना पुन्हा पुन्हा आठवतं. त्यात काही विशेष नव्हतं. बाई सहाला पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. पिशवी जड दिसत होती. अनंतराव गॅलरीत होते, पेपर हातात, पायांवर शाल. का कोण जाणे, त्या दिवशी त्यांनी विचारलं,

"मी येऊ का गं आज? बघतो तरी तू काय करतेस ते."

बाई जरा गोंधळल्या. तेव्हा ते अनंतरावांच्या लक्षात आलं नव्हतं. "आज नको. आज कशाला? पुढच्या रविवारी या."

"बरं. मला काय, कधीही."

"आणि आंघोळीला थांबू नका माझ्यासाठी. मला उशीर होईल."

"गीझर चालू ठेवू?"

"नको, बंद करा. मी आल्यावर लावीन."

"बरं," अनंतराव म्हणाले, आणि त्यांनी पेपर उलटला.